बोट लागू नये म्हणून

मुंबईच्या बॅलार्ड पिअरवरून गोव्याला आणि लक्षद्वीपला क्रूझ निघू लागल्या, सिंगापूर, अलास्का, नॉर्वेच्या समुद्रसफरींच्या जाहिराती मराठी वर्तमानपत्रांत दिसू लागल्या, आणि एक जुना प्रश्न घरोघरी पुन्हा ऐकू येऊ लागला. "सगळं छान आहे हो, पण मला बोट लागली तर?" कोकणातल्या माणसाला हा प्रश्न नवा नाही. भाऊच्या धक्क्यावरून रत्नागिरी, मालवण, पणजीकडे आगबोटी जात होत्या तेव्हा डेकवर वळकट्या पसरून, लिंबू नाकाशी धरून माणसं निपचित पडलेली असत. आजच्या क्रूझवर वातानुकूलित खोली आहे, पोहण्याचा तलाव आहे, रात्री नाटक आहे. पण माणसाचा कान तेव्हा होता तोच आहे.

या भीतीपायी पुष्कळ जण, विशेषतः साठी उलटलेले, समुद्रसफरीचा विचारच सोडून देतात. दुसरे काही जण अगदी उलट करतात. "बघू, काही होत नाही" म्हणत कसल्याही तयारीशिवाय चढतात आणि पहिली रात्र बाथरूमच्या दारात काढतात. दोन्ही टाळता येण्यासारखं आहे. बोट लागण्यावर चांगले उपाय आहेत, मात्र त्यांतले बहुतेक बोट धक्क्यावरून हलण्याआधी करायचे असतात. मळमळ सुरू झाल्यावर धावाधाव करण्यापेक्षा आधीची अर्ध्या तासाची तयारी कितीतरी जास्त उपयोगी पडते.

नेमकं काय होतं

आपल्या प्रत्येक कानाच्या आतल्या भागात तोल सांभाळणारी एक यंत्रणा असते. तिच्यातल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका डोकं कुठे वळतंय ते ओळखतात. शेजारच्या दोन पिशव्यांमध्ये चुनखडीचे अतिसूक्ष्म स्फटिक असतात. शरीर वर-खाली किंवा पुढे-मागे सरकलं की त्यांच्यामुळे मेंदूला कळतं. बोटीच्या खोलीत बसलेलं असताना ही यंत्रणा सांगते, "आपण हलतो आहोत". डोळ्यांना समोर भिंत, पलंग, टीपॉय सगळं स्थिर दिसत असतं, त्यामुळे ते सांगतात, "आपण जागीच आहोत". हे दोन निरोप जुळत नाहीत आणि मेंदूच्या या गोंधळातून मळमळ सुरू होते. आज बहुतेक शास्त्रज्ञ हेच कारण मानतात.

सगळेच हेलकावे सारखा त्रास देत नाहीत. १९७० च्या दशकात अमेरिकेत झालेल्या प्रयोगांत असं दिसलं की साधारण पाच सेकंदांत एकदा वर जाऊन खाली येणारी संथ हालचाल सर्वांत वाईट. समुद्रावर लांबून येणाऱ्या लाटांनी जहाज नेमकं असंच उचललं जातं. छोट्या होडीचे झटपट बसणारे धक्के अंगाला लागतात, पण पोटाला तितके नाही.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८८२ मध्ये एक महत्त्वाचं निरीक्षण नोंदवलं. अंतःकर्णाचं काम बंद असलेल्या कर्णबधिरांपैकी अनेकांना गरगरणं माहीतच नव्हतं. म्हणजे ज्याचा कान शाबूत आहे अशा कोणालाही, समुद्र पुरेसा खवळला तर, बोट लागू शकते. यात लाज वाटण्याचं कारण नाही. इंग्लंडचा आरमारी सेनापती नेल्सन याला आयुष्यभर हा त्रास होता. चार्ल्स डार्विन १८३१ ते १८३६ या काळात 'बीगल' जहाजावर होता आणि शेवटपर्यंत त्याला समुद्र मानवला नाही. तो आडवा पडून राहायचा आणि मनुके खायचा, कारण तेवढेच पोटात टिकायचे.

काहींना हा त्रास इतरांपेक्षा लवकर होतो. साधारण दोन ते बारा वर्षांची मुलं, पुरुषांपेक्षा स्त्रिया, त्यातही मासिक पाळीच्या दिवसांत आणि गरोदरपणात, अर्धशिशीचा त्रास असणारे, आणि ज्यांना आंबेनळी किंवा आंबोली घाटात एस.टी. लागते ते सगळे. दोन वर्षांखालच्या बाळांना सहसा काही होत नाही. तुम्ही यांपैकी एका गटात असाल तर "या वेळी कदाचित लागणार नाही" यावर विसंबू नका.

तिकीट काढतानाच निम्मं काम होतं

आधी महिना पाहा. अरबी समुद्र जून ते सप्टेंबर नैऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे खवळलेला असतो. कोळी बांधव नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देऊन मगच होड्या बाहेर काढतात, आणि गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँच पावसाळ्यात बंद असतात, त्याचं कारण हेच. ज्याला बोट लागण्याची धास्ती आहे त्याने मुंबई-गोवा किंवा लक्षद्वीपसाठी डिसेंबर ते मार्च हा काळ निवडावा. मे महिन्यात आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अरबी समुद्रात चक्रीवादळं होऊ शकतात. २०२१ च्या मे महिन्यात 'तौक्ते'ने आपल्या किनाऱ्याची काय दशा केली ते आठवत असेलच. निघण्याआधी दोन-तीन दिवस भारतीय हवामान खात्याचे इशारे पाहा. हैदराबादची 'इन्कॉइस' ही केंद्र सरकारची संस्था आपल्या समुद्रांतल्या लाटांच्या उंचीचा अंदाज रोज देते, तोही पाहा. मात्र आकाश निळं असलं म्हणजे समुद्र शांत असेलच असं नाही. हजारो किलोमीटर दूर झालेल्या वादळाच्या लाटाही आपल्यापर्यंत पोहोचतात.

परदेशी सफर असेल तर मार्ग नकाशावर बघा. सिंगापूरहून पेनांग, लंकावीकडे जाणारी क्रूझ मलाक्काच्या सामुद्रधुनीतून जाते. दोन्ही बाजूंना जमीन असल्याने तिथे पाणी बहुधा शांत असतं. अलास्काच्या क्रूझचा 'इनसाइड पॅसेज' हा भाग बेटांच्या आडोशाने जातो. तीच क्रूझ पुढे सुअर्ड किंवा व्हिटियरपर्यंत जाणार असेल तर अलास्काच्या उघड्या आखातातून जावं लागतं. नॉर्वेच्या फियॉर्डमध्ये पाणी आरशासारखं असलं तरी इंग्लंडहून निघणाऱ्या बोटीला आधी उत्तर समुद्र ओलांडायचा असतो. आणि अंटार्क्टिकाला जाणार असाल तर वाटेतल्या ड्रेक पॅसेज या खवळत्या सामुद्रधुनीसाठी औषधाशिवाय जाऊच नका. पहिल्यांदा क्रूझ करणाऱ्यांना माझं सांगणं आहे की आडोशाचा मार्ग निवडा. उघड्या महासागराची सफर नंतर करता येते.

जहाज जितकं मोठं तितकं ते कमी हलतं. म्हणूनच मांडव्याच्या लाँच पावसाळ्यात थांबतात, पण भाऊच्या धक्क्यावरची रो-रो बोट हवामान पाहून तेव्हाही धावते. आधुनिक क्रूझ जहाजांना पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंखांसारखी पोलादी पाती असतात. जहाज एका बाजूला कलायला लागलं की ती पाती आपला कोन बदलून ते सावरतात. त्यामुळे डावीकडे-उजवीकडे होणारं डोलणं खूप कमी होतं. पुढचं टोक वर जाऊन खाली आदळणं मात्र या पात्यांनी थांबत नाही. जहाजाचं डोलणं थांबवण्याचे प्रयत्न जुने आहेत. पोलाद तयार करण्याची पद्धत शोधणारे हेन्री बेसेमर यांना स्वतःला बोट फार लागायची. त्यांनी झुलता दिवाणखाना असलेलं एक जहाजच बांधवून घेतलं. १८७५ मध्ये ते फ्रान्समधल्या कॅलेच्या धक्क्यावर आदळलं आणि ती कल्पना तिथेच संपली.

आता खोली. सी-सॉच्या टोकाला बसलेलं मूल उंच उडतं आणि मध्यावर बसलेलं जेमतेम हलतं. जहाजाचंही तसंच आहे. लांबीच्या मध्यावरची आणि पाण्याच्या पातळीजवळच्या, म्हणजे खालच्या मजल्यावरची खोली सर्वांत कमी हलते. वरच्या मजल्यांवरच्या, पुढच्या टोकाच्या बाल्कनीच्या खोल्या महाग असतात आणि सर्वांत जास्त हलतात. बुकिंग करताना एजंटला "कुठलीही चालेल" असं म्हणू नका. 'गॅरंटी' प्रकारच्या स्वस्त तिकिटात खोली कंपनी ठरवते, तेही टाळा. जहाजाचा आराखडा संकेतस्थळावर असतो. तो उघडून खोलीचा क्रमांक स्वतः निवडा. खिडकी मिळाली तर उत्तम, कारण क्षितिज दिसतं. पण वरची पुढची बाल्कनी आणि खालची मधली बिनखिडकीची खोली यांत निवड करायची वेळ आली, तर मी बिनखिडकीची खोली घ्यायला सांगेन. मोकळ्या हवेसाठी डेक आहेच.

औषधं: कोणती, कधी आणि कोणी घेऊ नयेत

या भागात गैरसमज सर्वांत जास्त आहेत. मळमळ सुरू झाली की जठराचं काम मंदावतं. मग गिळलेली गोळी पोटातच पडून राहते किंवा उलटीतून बाहेर येते. त्यामुळे गोळी त्रास होण्यापूर्वी घ्यायची. बोट संध्याकाळी पाचला सुटणार असेल तर दुपारी तीन-साडेतीनला गोळी पोटात गेलेली हवी.

आपल्याकडे सर्वांच्या ओळखीची ॲव्होमिन म्हणजे प्रोमेथाझिन. ती निघण्याआधी एक-दोन तास किंवा लांबच्या प्रवासाच्या आदल्या रात्री घेतात. ती चांगली लागू पडते, पण झोप भरपूर आणते. सिनारिझिन (स्टुजेरॉन या नावाने मिळते) साधारण दोन तास आधी घ्यावी लागते. तिने झोप तुलनेने कमी येते, म्हणून शिडाच्या होड्या चालवणाऱ्या युरोपीय नाविकांत ती लोकप्रिय आहे. पार्किन्सन असलेल्यांनी मात्र ती घेऊ नये, आणि वयस्कर माणसांनी सलग अनेक आठवडे घेऊ नये. डायमेनहायड्रिनेटचा परिणाम चार ते सहा तास टिकतो. मेक्लिझिन तासभर आधी घेतली तर बराच काळ काम करते, आणि पुष्कळ परदेशी क्रूझवर स्वागतकक्षात किंवा दवाखान्यात मागितली की मिळते.

डायमेनहायड्रिनेटची हकिगत सांगण्यासारखी आहे. १९४० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हे औषध अंगावरच्या पित्तासाठी एका गरोदर बाईंना दिलं होतं. त्यांच्या लक्षात आलं की ते घेतल्यावर ट्रामचा प्रवास त्यांना बाधत नाही. डॉक्टरांनी ही गोष्ट मनावर घेतली. १९४८ च्या नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कहून जर्मनीला निघालेल्या सैनिकी जहाजावर, हिवाळ्याच्या तोंडावर अटलांटिकमध्ये, शेकडो सैनिकांवर त्याची चाचणी झाली. त्यातूनच ते 'ड्रामामिन' या नावाने जगभर पोचलं.

आता गैरसमज. घरच्या औषधांच्या डब्यात उलटीवरच्या गोळ्या म्हणून ऑन्डॅनसेट्रॉन किंवा डॉमपेरिडोन असतात. पोट बिघडल्यावर किंवा औषधोपचारांमुळे होणाऱ्या उलट्यांवर त्या उपयोगी आहेत. बोट लागू नये म्हणून मात्र त्यांचा भरवसा नाही, कारण इथली मळमळ तोलाच्या यंत्रणेतून येते आणि त्या गोळ्या त्या वाटेवर काम करत नाहीत. तसंच सर्दीसाठीच्या, झोप न आणणाऱ्या ॲलर्जीच्या गोळ्यांचं. त्या फारशा लागू पडत नाहीत. म्हणून "उलटीची गोळी घेतली आहे, मग कशाला काळजी" असं समजून चढू नका. गोळीच्या पाकिटावर कोणतं औषध आहे ते वाचा.

परदेशी क्रूझवर कानामागे गोल पट्टी चिकटवलेले प्रवासी दिसतात. ती स्कोपोलामिनची पट्टी. निघण्याआधी किमान चार तास कानामागच्या केस नसलेल्या कोरड्या त्वचेवर लावतात आणि तिचा परिणाम तीन दिवस राहतो. ती लावल्यावर आणि काढल्यावर हात साबणाने धुवावेत. तोच हात डोळ्याला लागला तर बाहुली विस्फारते आणि धूसर दिसतं. तोंडाला कोरड पडणं तर ठरलेलंच. काचबिंदू असलेल्यांनी, प्रोस्टेट वाढल्यामुळे लघवीला त्रास होणाऱ्यांनी आणि मुलांनी ती वापरू नये. ज्येष्ठांमध्ये तिने गोंधळल्यासारखं होऊ शकतं, रात्री उठून भलतंच बोलण्यापर्यंत. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने २०२५ मध्ये आणखी एक इशारा दिला. या पट्टीमुळे घाम कमी येतो आणि शरीराचं तापमान धोकादायक वाढू शकतं, मुलांत आणि साठीपुढच्या व्यक्तींत विशेषतः. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात हे विसरून चालणार नाही. कोणा नातेवाइकाने अमेरिकेहून आणून दिली म्हणून डॉक्टरांना न विचारता आजीच्या कानामागे ती पट्टी लावू नका.

प्रोमेथाझिन दोन वर्षांखालच्या मुलांना द्यायचंच नाही. त्याहून मोठ्या मुलांना कोणतं औषध आणि किती, हे बालरोगतज्ज्ञ वजन पाहून ठरवतील. मोठ्यांची गोळी अर्धी तोडून देणं बरोबर नाही. गरोदर स्त्रियांनी आपल्या डॉक्टरांनाच विचारावं. झोपेच्या, नैराश्यावरच्या किंवा फिट्सच्या गोळ्या चालू असतील तर त्यांची यादी डॉक्टरांना दाखवा. या औषधांवर मद्य घेऊ नये, गाडी चालवू नये.

आणि एक सूचना, जी फार थोडे पाळतात. ठरलेली गोळी सफरीच्या एक-दोन आठवडे आधी, सुट्टीच्या दिवशी, घरी एकदा घेऊन पाहा. किती झोप येते, कोरड पडते का, मुलं उलट चिडचिडी होतात का (काही मुलांत तसं होतं), ते घरीच कळलेलं बरं.

आलेपाक, मनगटपट्टा वगैरे

आल्याला थोडाफार शास्त्रीय आधार आहे. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका डॅनिश चाचणीत खवळलेल्या समुद्रावर नवख्या नौदल विद्यार्थ्यांना एक ग्रॅम आल्याची पूड दिली, तर काहींना बिनऔषधी पूड. आलं घेतलेल्यांत उलट्या आणि थंड घाम कमी दिसला. इतर चाचण्यांचे निकाल इतके स्पष्ट नाहीत. तरी आलेपाकाच्या वड्या बरोबर ठेवाव्यात, असं माझं मत आहे. त्या टिकतात, चवीला बऱ्या लागतात आणि तोंडात काहीतरी राहतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्यांनी मात्र आल्याच्या कॅप्सूल डॉक्टरांना विचारून घ्याव्यात.

मनगटाच्या आतल्या बाजूला, मनगटाच्या घडीपासून तीन बोटं वर, दाब देणारे पट्टे मिळतात. त्यांच्याबद्दल चाचण्यांचं एकमत नाही. अपाय काहीच नाही, म्हणून आवडत असेल तर बांधा, पण गोळीच्या ऐवजी नको. लिंबाचा वास, आवळा सुपारी, ओवा यांनीही कोणाला बरं वाटत असेल तर जरूर घ्यावं.

बोटीवर चढल्यावर

शक्यतो एक दिवस आधी मुंबईत पोहोचा. नागपूरहून किंवा लातूरहून रात्रभर बसने येऊन, घाईत वडापाव खाऊन बोटीवर चढणाऱ्याला बोट लागण्याची शक्यता वाढते, कारण जागरण हे मोठं कारण आहे. आदल्या रात्री मद्यही नको.

खोलीत गेल्यावर बॅगा लगेच उघडा. कपडे, औषधं, टूथब्रश, सगळं बोट धक्क्याला असेपर्यंत लावून टाका. बोट हलायला लागल्यावर खाली वाकून बॅगेत शोधाशोध करणं हा मळमळ ओढवून घेण्याचा खात्रीचा मार्ग आहे, कारण डोकं वाकलेलं असतं आणि डोळे जवळच्या वस्तूंवर असतात. मग वर डेकवर जा, मध्यभागी, जिथे वारा लागेल आणि चिमणीचा किंवा स्वयंपाकघराचा वास येणार नाही अशी जागा शोधा. नजर क्षितिजावर ठेवा. क्षितिज हलत नाही, आणि बोट त्याच्याशी कशी हलते आहे हे डोळ्यांना दिसतं. कान आणि डोळे मग एकच सांगू लागतात. पहिले काही तास असे काढले तर पुढची रात्र पुष्कळ सोपी जाते.

मोबाइल, पुस्तक, पत्ते, विणकाम, यांपासून पहिल्या संध्याकाळी दूर राहा. दुर्बिणीतून बराच वेळ पाहणंही नको. फोटो काढा, पण ते स्क्रीनवर निवडत बसू नका. नाट्यगृह बऱ्याच जहाजांत पुढच्या टोकाला असतं. पहिल्या रात्री समुद्र उचललेला असेल तर तो कार्यक्रम सोडा, किंवा दाराजवळची खुर्ची धरा. जेवणाच्या हॉलमध्ये खिडकीशेजारचं टेबल मागा. आंघोळ करताना दांडीला धरा आणि डोळे फार वेळ मिटू नका. उभं राहून डोळे मिटले की तोल लवकर जातो.

खाण्याचं सूत्र सोपं आहे. पोट रिकामं नको आणि तुडुंबही नको. क्रूझवर बुफे दिवसभर उघडा असतो आणि सगळं तिकिटातच असतं, म्हणून पहिल्याच संध्याकाळी ताट भरभरून घेतलं जातं. ते एक दिवस पुढे ढकला. इडली, साधा भात, पाव, उकडलेला बटाटा, केळं, खाकरा असं थोडं थोडं दोन-तीन तासांनी खा. तळलेलं, तिखट, साजूक तुपात न्हालेलं आणि उग्र वासाचं पहिल्या दिवशी नको. चहा-कॉफी बेताची, पाण्याचे घोट मात्र चालू ठेवा.

तरीही लागलीच तर

पहिल्या खुणा ओळखा. सारख्या जांभया, अंगात मरगळ, गरम होणं, तोंडाला पाणी सुटणं, कपाळावर थंड घाम. मुलं बहुतेक वेळा नुसती गप्प होतात, चेहरा पांढरा पडतो. याच वेळी डेकवर या. "थोडं थांबून बघू" म्हणत जेवणाच्या टेबलावर बसून राहिलात तर संधी गेली. डेकवर जाणं शक्य नसेल तर पलंगावर उताणे पडा, डोकं उशीवर स्थिर ठेवा, डोळे मिटा. आडवं पडल्यावर त्रास स्पष्टपणे कमी होतो. श्वास सावकाश आणि मोजून घ्या. आवडीची गाणी ऐका. त्यांनीही मन आणि पोट दोन्ही थोडं शांत होतं.

उलटी झालीच तर त्यानंतर लगेच पाणी ढोसू नका. दहा मिनिटांनी चमचा-चमचा सुरू करा. पाणी किंवा त्याहून चांगली जलसंजीवनीची पुडी. दोन-चार पुड्या सामानात ठेवाच. रक्तदाबाची, फिट्सची, गर्भनिरोधक गोळी उलटीतून पडली असेल तर पुढची कशी घ्यायची ते जहाजावरच्या डॉक्टरांना विचारा. मधुमेहींनी विशेष जपावं. इन्सुलिन घेतलं आणि जेवण टिकलं नाही तर साखर एकदम उतरू शकते, म्हणून ग्लुकोमीटर खोलीत ठेवा. गोळी पोटात राहतच नसेल तर जहाजावरच्या दवाखान्यात इंजेक्शन मिळतं. त्याचे पैसे वेगळे आणि चढे असतात, म्हणून प्रवासविमा आधीच काढलेला हवा.

प्रत्येक उलटी बोटीमुळेच होते असं धरू नका. जुलाब आणि ताप बरोबर असतील, किंवा बोट धक्क्याला शांत उभी असतानाही उलट्या होत असतील, तर ते नोरोव्हायरससारखं पोटाचं दुखणं असू शकतं. क्रूझवर ते झपाट्याने पसरतं. डॉक्टरांना लगेच कळवा. नुसत्या सॅनिटायझरवर विसंबू नका, हात साबणाने धुवा. छातीत दुखणं, बोलणं अडखळणं, एक बाजू जड पडणं किंवा कधी नव्हे इतकं डोकं दुखणं यांना बोट लागणं समजण्याची चूक करू नका.

बहुतेकांचं शरीर दोन-तीन दिवसांत समुद्राला सरावतं. आठवड्याच्या क्रूझवर तिसऱ्या-चौथ्या दिवशी गोळीची गरजही उरत नाही. मुंबई-गोव्याच्या दोन-तीन रात्रींच्या फेरीत मात्र सरावायला वेळच मिळत नाही. म्हणून छोट्या क्रूझला औषधाची तयारी जास्त लागते, कमी नाही.

छोट्या बोटींबद्दल थोडं. अंदमानात पोर्ट ब्लेअरहून (आताचं श्री विजयपुरम) हॅवलॉकला (आताचं स्वराज द्वीप) जाणाऱ्या बंद वातानुकूलित बोटीत आपल्याकडच्या पुष्कळ पर्यटकांना त्रास होतो. खालच्या मजल्यावरची, मागच्या बाजूची, खिडकीजवळची जागा घ्या आणि गोळी हॉटेलातून निघतानाच घ्या. तारकर्लीला स्कूबासाठी किंवा डॉल्फिन पाहायला जाताना इंजिन बंद करून होडी जागच्या जागी डोलू लागली की मळमळ सुरू होते. तेव्हा डिझेलच्या धुरापासून लांब, वाऱ्याच्या बाजूला बसा आणि किनाऱ्याकडे बघा.

शेवटची गोष्ट घरी परतल्यावरची. जमिनीवर उतरल्यावरही पलंग, स्वयंपाकघर, रस्ता डोलतो आहे असं काही तास, कधी दोन-तीन दिवस वाटू शकतं. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. हा भास थांबेपर्यंत स्कूटर किंवा गाडी चालवू नका, आणि ज्येष्ठांनी जिना उतरताना कठडा धरावा. महिना उलटला तरी डोलणं थांबलं नाही, तर कान-नाक-घसातज्ज्ञांना दाखवा आणि नुकतीच क्रूझ केल्याचं त्यांना पहिल्याच वाक्यात सांगा.